सांत्वनाची जीप

बदली होऊन जव्हारला आलेल्या कर्मचाऱ्याला पहिल्याच आठवड्यात दोन जागा दाखवाव्या लागतात. एक शिरपामाळ, आणि दुसरी, जिथे मोबाइलला हमखास रेंज येते ती. आमच्या कार्यालयाच्या अनुभवाप्रमाणे या दोन्ही जागा एकच आहेत, त्यामुळे एका फेरीत काम भागतं. नवा माणूस हात उंच करून रेंज पकडत असतो आणि जुना माणूस त्याला इतिहास सांगत असतो.

इतिहास असा की सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचा, १६६३ सालचा डिसेंबर संपता संपता, इथे मुक्काम झाला. जव्हारचे राजे विक्रमशाह यांनी त्यांचं स्वागत केलं आणि मानाचा शिरपेच त्यांच्या मस्तकी खोवला, म्हणून हा शिरपामाळ, असं इथली परंपरा सांगते. पुढे १६७२ साली मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकून घेतलं, हा भाग आमचे अधीक्षक कधीच सांगत नाहीत. पाहुणचाराची गोष्ट पाहुणचारापाशीच संपवावी, असं त्यांचं मत आहे.

मला मात्र या गोष्टीतले पुढचे तीन आठवडे महत्त्वाचे वाटतात. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात सुरतेचं काम उरकलं. आणि २३ जानेवारी १६६४ रोजी तिकडे कर्नाटकात होदिगेरेच्या रानात, शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे गेले. बातमी आली तशा जिजाबाई सती जायला निघाल्या. सभासदाच्या बखरीत हा प्रसंग आहे. सुरतेहून नुकते परतलेले, चौतिशीला आलेले महाराज आईच्या मांडीवर बसले, गळ्याला मिठी मारली, शपथ घातली आणि म्हणाले की माझा पराक्रम बघायला आता कोणी उरलं नाही, तू जाऊ नकोस. पुढे दोन वर्षांनी महाराज आग्र्याला गेले तेव्हा राज्याचा कारभार ज्यांच्या भरवशावर मागे ठेवला होता, त्या याच जिजाबाई.

नव्वद वर्षांनी जवळजवळ तोच प्रसंग होळकरांच्या छावणीत घडला. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले. अहिल्याबाई सती निघाल्या. एकुलता एक मुलगा गमावलेल्या मल्हाररावांनी सुनेला थांबवलं. पुढे ते मोहिमेवर असत आणि दाणागोट्याची, तोफांची कामं अहिल्याबाईंना पत्रांतून कळवत.

म्हणजे दुःखातल्या माणसाकडे काही मागू नये, असं काही आपल्याकडे नाही. आपल्या थोरामोठ्यांनी भर दुःखात मागितलं आहे, आणि तेही थोडंथोडकं नाही. फक्त त्यांनी माणूस मागितला होता. आम्हांला कपाटाची चावी हवी होती.

आमच्या कार्यालयाचं नाव सांगत नाही. तालुक्याला अशी बरीच कार्यालयं आहेत आणि हे वाचून प्रत्येकाला ते आपलंच वाटेल. कार्यालयात लेखा लिपिक आहेत, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. मूळचे सिन्नरकडचे. बोलणं कमी, अक्षर मोत्यासारखं, आणि गोदरेजच्या कपाटाची चावी कायम खिशात. त्या कपाटात काय नाही ते विचारा. कॅशबुक, धनादेश, ठेकेदारांची अनामत, मागच्या दिवाळीतला चिवड्याचा डबा आणि एका रस्तादुरुस्तीची एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका. एमबीशिवाय बिल निघत नाही. बिल ३१ मार्चच्या आत कोषागारात गेलं नाही तर निधी परत जातो. आणि निधी परत गेला की साहेबांना वरून जे ऐकावं लागतं ते साहेब खाली सगळ्यांना समान वाटून देतात.

मार्चच्या चोविसाव्या तारखेला भाऊंचे वडील गेले. पहाटे फोन आला, भाऊ मिळेल त्या गाडीने निघून गेले आणि त्यांच्याबरोबर खिशातली चावीही गेली.

पहिले दोन दिवस कार्यालय खरोखर हळहळलं. तिसऱ्या दिवशी हळहळीच्या वाक्यांना एक शेपूट फुटू लागलं. “वाईट झालं हो. म्हातारा माणूस, पण आधार होता. एमबी कुठे असेल?” शाखा अभियंता, ज्याचं ते बिल होतं, तो तर भाऊंच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून असे सुस्कारे टाकायचा की नव्या माणसाला वाटावं, याचेच वडील गेले.

भाऊंना फोन करून विचारावं, इतका सोपा उपाय कुणालाच पसंत नव्हता. सुतकात आहेत, असं कसं विचारायचं? त्यावर अधीक्षक म्हणाले, तोंडी विचारणं बरं दिसत नाही, आपण सौजन्यपूर्ण भाषेत लेखी विचारू. त्यांनी मसुदा करायला घेतला. विषय : “शोकाकुल कर्मचाऱ्याकडून कपाटाची चावी उपलब्ध करून घेणेबाबत.” आवक-जावकवाल्यांचं म्हणणं पडलं की “उपलब्ध करून घेणे” हे जप्तीसारखं वाटतं. मग “प्राप्त होणेबाबत” झालं. पहिलं वाक्य होतं, “उपरोक्त विषयास अनुसरून, आपले वडील दिवंगत झाल्याचे समजते.” यातल्या “समजते”वर अर्धा तास गेला. साहेब म्हणाले, समजते काय, आपल्याला माहीत आहे. अधीक्षक म्हणाले, मृत्यूचा दाखला अभिलेखात नसल्यामुळे तूर्तास समजतेच. पुढचे दोन परिच्छेद मात्र फार हृद्य उतरले होते. मनुष्यजन्म नश्वर असल्याचा उल्लेख होता, कार्यालय परिवार आपल्या दुःखात सहभागी असल्याची ग्वाही होती. पण मसुदा जुन्या पत्रावर बेतलेला असल्यामुळे शेवटची ओळ तशीच राहून गेली, “तरी सदर दुःखातून सावरून तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.”

तो कागद साहेबांनी घडी करून खिशात घातला.

साहेबांची पद्धत वेगळी. कुणी रजा मागितली, कुणाच्या घरी काही झालं, की साहेब बालगंधर्वांची गोष्ट सांगतात. १२ मार्च १९११, किर्लोस्कर नाटक मंडळी, खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली. तरी प्रयोग झाला. इथे साहेब थांबतात, चष्मा काढतात आणि समोरच्याचा रजेचा अर्ज त्याच्याकडे परत सरकवतात. ही गोष्ट खरी आहे आणि अंगावर काटा आणणारी आहे. पण प्रयोग करायचा, हे बालगंधर्वांनी स्वतः ठरवलं होतं, असंच सांगितलं जातं. कंपनीने त्यांना मेमो दिल्याचं काही ऐकिवात नाही. एखाद्याने आपलं दुःख बाजूला ठेवून उभं राहावं, हे त्याचं मोठेपण असतं. ते दुसऱ्याने त्याच्या हजेरीपटात लिहून ठेवता येत नाही. शिवाय रस्तादुरुस्तीच्या तिसऱ्या धावत्या देयकाला ‘मानापमान’चं वजन यायला अजून बराच अवकाश आहे.

कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तर सांत्वन आणि कामकाज यांची सरमिसळच झाली होती. आधी “भावपूर्ण श्रद्धांजली”ची रांग लागली, त्यात एकाने घाईत “हार्दिक अभिनंदन” टाकून ते पुसलं, पण पुसल्याची खूण राहिली. मग कुणाचं तरी शुभ सकाळ आलं, सूर्योदयासकट. आणि त्याच्याखाली शाखा अभियंत्याचा निरोप : “भाऊ, स्वतःला सांभाळा. कामाचं टेन्शन घेऊ नका. वेळ मिळेल तेव्हा एमबीचं सांगा. अजिबात घाई नाही. आज चारपर्यंत चालेल.”

“काळजी करू नका, ऑफिसचं आम्ही बघतो” हे वाक्यही प्रत्येकाने टाकलं होतं. आपल्याकडे शोकाच्या घरात सगळ्यांत स्वस्तात जाणारं वाक्य हेच. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना की नातेवाईक पुढे होऊन एकेक आश्वासन देतात, धाकटीचं लग्न करू, विहिरीचं भांडण मिटवू. अशाच एका दहाव्याला, कावळा अगदी पिंडाशी आला असताना, कार्यालयातल्या एकाने हात जोडून सांगितलं, “मुलाच्या ऑफिसची चिंता नसावी, आम्ही सगळं बघतो.” कावळा उडाला तो नदीपलीकडे जाऊन बसला. त्याला सरकारी कामकाजाची बरीच माहिती असावी.

शेवटी ठरलं, प्रत्यक्ष सांत्वनाला जायचं. माणुसकीही होईल आणि विषयही काढता येईल. सरकारी गाडीच्या लॉगबुकात प्रवासाचं कारण काय लिहायचं, यावर चर्चा झाली. “सांत्वन” हे शासकीय प्रयोजनांत बसत नव्हतं, आणि “पाहणी” लिहिलं तर पाहणी अहवाल जोडावा लागला असता. म्हणून खाजगी जीप सांगितली आणि वर्गणी काढली. वर्गणीच्या कागदावर अधीक्षकांनी सवयीने “लेखाशीर्ष” असा रकाना आखला होता.

जीपमध्ये साहेब, अधीक्षक, आवक-जावक, शाखा अभियंता, मी आणि शिपाईमामा. मामा अशासाठी की असल्या प्रसंगी काय करायचं असतं ते त्यांनाच माहीत असतं. मागे कार्यालयात उरल्या नव्याने आलेल्या कनिष्ठ सहायक मॅडम. त्यांना साहेबांनी जाता जाता सांगितलं, “बघा काय होतं का.” सरकारी भाषेत याचा अर्थ, काही होणार नाही, पण नाही झालं तर तुम्ही होतात.

जव्हारहून मोखाडा, तोरंगण घाट, त्र्यंबकेश्वर, नाशिक आणि पुढे सिन्नर. शंभरावर किलोमीटरचा रस्ता. पळस पेटलेला होता, मोहाच्या झाडांखाली बायामुलं सकाळपासून फुलं वेचत बसली होती. जीपमध्ये मात्र विषय एकच, की चावीचं काढायचं कुणी? अधीक्षक म्हणाले, साहेबांनी काढावं, ते हुद्द्याने मोठे. साहेब म्हणाले, तुम्ही काढा, तुम्ही वयाने मोठे. अभियंता म्हणाला, मी काढलं तर बरं दिसणार नाही, माझं बिल आहे. मग कुठल्या क्षणी काढायचं ते ठरवायला घेतलं. गेल्या गेल्या नको. “काय झालं होतं?” झाल्यावर नको. “वय किती होतं?” झाल्यावरही नको. “सगळं पाहून गेले, नातवंडं खेळवली” हे झालं की मंडळी जरा सैल होतात, तिथे अधीक्षकांनी एक सुस्कारा सोडायचा, त्या सुस्काऱ्याला धरून साहेबांनी “जीवन म्हणजे...” असं सुरू करायचं आणि जीवनावरून कपाटावर यायचं. घाटात एकदा रंगीत तालीमही झाली. जीवनावरून कपाटावर येताना साहेबांचा तोल मोक्षापाशी जात होता, तेवढं सुधारायचं ठरलं.

मामा मागच्या बाकावर गप्प बसून होते. त्यांना तालमीत भूमिका नव्हती.

इकडे मॅडमनी काय केलं ते आम्हांला नंतर कळलं. त्यांनी आधी सांत्वनाला हातच घातला नाही, कामाला घातला. मागच्या वर्षीची बिलाची फाइल काढून काय काय जोडलं होतं ते पाहिलं. कोषागारात ओळखीच्या एका बाईंना फोन करून कुठले कागद चालतील ते विचारून घेतलं. बिलाचा नमुना भरून ठेवला. जे भाऊंशिवाय होण्यासारखं होतं ते सगळं झाल्यावर दोनच गोष्टी उरल्या, एमबी कुठल्या कप्प्यात आहे आणि चावी आणखी कुणाकडे आहे का. कार्यालयात रेंज गेलेली. मॅडम स्कूटी घेऊन शिरपामाळावर गेल्या आणि तिथे उभं राहून त्यांनी भाऊंना निरोप लिहिला. तो त्यांनी पुढे आम्हांला दाखवला. असा होता :

“सर, परवा वडिलांबद्दल लिहिलं होतं, ते तेवढंच होतं. आज कामाचं विचारतेय. रस्तादुरुस्तीचं बिल मी तयार केलंय. फक्त एमबी कुठे असेल आणि कपाटाची दुसरी चावी आहे का, एवढं अडलंय. आत्ता सांगण्याच्या मनःस्थितीत नसाल तर नुसतं ‘नंतर’ लिहा. मग मी साहेबांना सांगेन की हे बिल या मार्चमध्ये होणार नाही. ते मी सांगेन, तुम्हांला कुणी फोन करणार नाही.”

यात अलंकार नाहीत, नश्वर काही नाही. पण अधीक्षकांच्या दीड पानी मसुद्यात जे नव्हतं ते सगळं आहे. सांत्वन वेगळ्या दिवशी, काम वेगळ्या दिवशी. एकाच्या पोटात दुसरं लपवलेलं नाही. विचारलेलं तेवढंच, जे दुसरीकडे कुठेही मिळण्यासारखं नाही. एका शब्दात सुटण्याची वाट ठेवलेली. आणि नाही म्हटलं तर त्याची झळ कोण सोसणार, तेही सांगितलेलं. आपण बहुतेक वेळा “जमलं तर बघा हं” म्हणतो खरं, पण न जमल्याचा भार त्याच्याच डोक्यावर ठेवून येतो.

भाऊंचं उत्तर पाचव्या मिनिटाला आलं. “एमबी खालच्या कप्प्यात, निळ्या फाइलखाली. बिलात मागची रॉयल्टी वजा करायची राहिलीय, ती धरा, नाहीतर आक्षेप निघेल. दुसरी चावी मामांकडे असते. विचारलंत बरं झालं. दोन रात्री तेच डोक्यात होतं, पण इथून कुणाला काय सांगणार? माणसं बसलेली असतात.”

म्हणजे तिकडे वडिलांच्या दिव्याजवळ बसून भाऊ एमबीची काळजी करत होते आणि इकडे आम्ही त्यांना तिची आठवण कशी करून द्यायची या काळजीत होतो. शोकातला माणूस कामाचं विसरलेला असतो, ही बाकीच्यांची समजूत. त्याला विसरता आलं असतं तर बरंच झालं असतं.

मॅडमनी लगेच मामांना फोन लावला, पण तो लागला नाही. मामा तोरंगण घाटात होते आणि चावी मामांच्या करदोड्याला. कपाट जव्हारला, चावी जीपमध्ये, आणि जीप ती चावी आणायला सिन्नरला चाललेली.

आम्ही पोचलो तेव्हा भाऊ ओसरीवर बसले होते. डोकं भादरलेलं, त्यावर पांढरी टोपी, ती थोडी मोठी होत होती. सतरंजीवर चार म्हातारे. आम्ही बसलो. काय झालं होतं, झालं. वय किती, झालं. सगळं पाहून गेले, हेही झालं. अधीक्षकांनी ठरल्याप्रमाणे सुस्कारा सोडला. साहेबांनी घसा साफ करून “जीवन म्हणजे” एवढं म्हटलं, तोच भाऊ म्हणाले, “साहेब, मॅडमना सकाळीच सगळं सांगितलंय. मामा, चावी बरोबर आहे ना?”

मामांनी सदरा वर करून करदोडा दाखवला. लाल फितीच्या गोंड्यात चावी लोंबत होती. साहेबांनी मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, “मला कुणी इचारलंच नाय, सायेब.”

खरंच कुणी विचारलं नव्हतं. चार दिवस आम्ही दुःखात असलेल्या माणसाला कसं विचारावं याचा खल करत होतो. दुःखात नसलेल्या माणसाला विचारून बघावं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्यानंतर एक विचित्र शांतता पसरली, कारण आमच्याकडे आता काही कामच उरलं नव्हतं. घाटापासून जे पोटात घेऊन आलो होतो ते गेलं आणि आता खरोखरचं सांत्वन करायची पाळी आली. त्याची तालीम झालेली नव्हती. बराच वेळ सगळे सतरंजीची दशी ओढत बसले. मग साहेबांनी, दुसरं काही सुचेना म्हणून, विचारलं, “वडील काय करायचे?”

“एसटीत कंडक्टर होते,” भाऊ म्हणाले. आणि मग ते बोलतच राहिले. ज्यांच्याकडून दिवसभरात दहा वाक्यं निघत नाहीत ते भाऊ. वडील ड्युटीवरून आले की या इथे, याच पायरीवर, चामड्याची पिशवी उलटी करायचे. चार आणे वेगळे, आठ आणे वेगळे, रुपये वेगळे. लहानग्या भाऊंना ढीग लावायला बसवायचे. हिशेब चार आण्यांनी चुकला तर जेवण थांबायचं. एकदा चुकला तो चुकलाच, रात्री अकराला सापडला, धाकट्या बहिणीने पावली गिळली होती. म्हाताऱ्यांपैकी एक जण खुदकन हसला. मग सगळेच हसले, भाऊही. साहेब डोळे पुसत हसत होते. बालगंधर्वांची गोष्ट त्या दिवशी निघाली नाही.

उठताना “येतो” म्हणायचं नसतं, एवढं सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे आम्ही मुकाट्याने जीपपर्यंत गेलो. भाऊ मागून आले. जीपच्या दाराशी उभे राहिले. टोपी काढली, पुन्हा घातली. मग साहेबांना हळूच म्हणाले, “साहेब, एक विचारायचं होतं. म्हणजे वाईट वाटून घेऊ नका. मार्च आहे हे कळतंय मला. रजा थोडी वाढवून मिळाली असती तर...”

चार दिवस तेही याच विचारात होते, की साहेबांना कसं विचारावं.

साहेब म्हणाले, “राहा हो, हवे तितके दिवस राहा.” अधीक्षकांनी “अर्ज...” असा अर्धा शब्द उच्चारला आणि गिळला. त्यांच्या सेवाकालातला हा एकमेव गिळलेला शब्द असावा.

अर्जात काय लिहायचं हा प्रश्न मात्र अधीक्षकांच्या दृष्टीने खरा होता. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ या पुस्तकात अर्जित रजा आहे, अर्धवेतनी आहे, प्रसूती रजा आहे, अध्ययन रजा आहे, असाधारण म्हणूनही एक आहे. दुःखाच्या नावाची रजा त्यात माझ्या तरी नजरेला पडलेली नाही. सुतक तेरा दिवसांचं, आणि राज्य सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला नैमित्तिक रजा आठ. ही वजाबाकी करता करता माणूस कारणाच्या रकान्यात “खाजगी काम” लिहितो. घरातला कर्ता माणूस जाणं आणि गॅसचं पुस्तक बदलून आणणं ही दोन्ही त्या रकान्यात एकाच ओळीत बसतात. ब्रिटनमध्ये २०२० पासून मूल गमावलेल्या नोकरदार आईबापांना दोन आठवड्यांच्या रजेचा हक्क कायद्याने दिला आहे. पण कायदा झाला म्हणून दोन आठवड्यांत दुःख संपतं असं तिथेही कुणी म्हणत नसावं. चावीसाठी फोन मात्र तिथेही येत असणार.

आमच्या इथल्या पाड्यांवर या बाबतीत पंचाईत कमी. आषाढात घरात कुणी गेलं तरी पाऊस थांबत नाही आणि रोप तयार झालं की लावणी आठवडाभर पुढे ढकलता येत नाही. शेजारी बैल घेऊन येतात आणि चिखलणीला लागतात. विचारायचं ते एवढंच, की कुठल्या खाचरात कुठलं रोप टाकायचं. घरचा माणूस, कालच माणूस जाळून आलेला, बांधावर येऊन बोट दाखवतो आणि वाटलं तर तिथेच बसून राहतो. त्याच्याकडून बाकी कुणाची काही अपेक्षा नसते, पण शेत त्याचं आहे हे सगळ्यांना माहीत असतं. मोखाड्याकडच्या एका शेतकऱ्याला मी जीपची गोष्ट सांगितली, तर त्याला त्यातला विनोदच कळेना. तो म्हणाला, “मग बिल तुम्हीच का नाय लावलं आधी?”

भाऊ दिवसकार्य उरकून एप्रिलमध्ये रुजू झाले. बिल तोपर्यंत गेलं होतं, रॉयल्टी वजा करून. आता कार्यालयाला समंजसपणाचा असा काही झटका आला की विचारू नका. भाऊंच्या टेबलावरच्या सगळ्या फाइली आधीच वाटून घेतलेल्या. भाऊ आत आले की बोलणं बंद. शाखा अभियंता त्यांच्याशी दवाखान्यात बोलतात तशा आवाजात बोलायचा. पंख्याखालच्या खुर्चीवरून भाऊंचं आणि आवक-जावकचं वर्षानुवर्षांचं वैर, पण आवक-जावकनी ती खुर्ची स्वतःहून सोडून दिली आणि वर रुमालाने पुसूनही दिली. भाऊ दिवसभर रिकाम्या टेबलापुढे बसून पेपरवेट फिरवत राहायचे. जेवायच्या सुट्टीत एकदा मला म्हणाले, “घरी निदान माणसं रडायला तरी येत होती.”

हा दुसऱ्या टोकाचा अविचार. आधी माणसाच्या दुःखाचा अडथळा वाटतो, मग दुःखालाच इतका मान द्यायचा की माणूस अडगळ व्हावा. ज्याच्याकडे कुणी काही मागत नाही त्याला कार्यालयात दोनच नावं असतात, निवृत्त किंवा निलंबित. भाऊ यांपैकी काहीच नव्हते.

कोंडी फोडली मॅडमनीच. एक दिवस त्या भाऊंच्या टेबलावर फाइलींचा गठ्ठा आदळून म्हणाल्या, “सर, हा तुमचा ताळमेळ. मला यातला चार रुपयांचा फरक सापडत नाहीये आणि मी आता शोधणारही नाही.” भाऊंनी चष्मा लावला. आवक-जावकना म्हणाले, “जरा पंख्याखालून सरका.” आवक-जावक म्हणाले, “का सरकू? खुर्ची काय नावावर केलीय?” आणि बऱ्याच दिवसांनी दोघांचं दणदणीत भांडण झालं. अभियंत्याचा आवाजही त्यानंतर मूळ पट्टीत आला. फरक संध्याकाळी सापडला. एका पावतीवर सातचा तीन वाचला गेला होता.

या सगळ्या प्रकरणाचा कार्यालयाने बोध घेतला नाही असं कुणी म्हणू नये. अशी वेळ पुन्हा येऊ नये म्हणून अधीक्षकांनी परिपत्रक काढलं. प्रत्येक कर्मचाऱ्याने आपल्या ताब्यातील कपाटांच्या दुसऱ्या चाव्या सीलबंद पाकिटात घालून, त्यावर सही करून, कार्यालयात जमा कराव्यात. सगळ्यांनी केल्या. मामांनी करदोड्याची चावी सोडून दिली. पाकिटं सुरक्षित जागी ठेवणं आवश्यक असल्याचं परिपत्रकात नमूद होतं, आणि आमच्याकडे सुरक्षित जागा एकच.

ती पाकिटं भाऊंच्या कपाटात आहेत. चावी भाऊंच्या खिशात.